डॉ. द्वारकानाथ कोटणीस : परभूमीत देह ठेवणारा सेवाव्रती

मुंबईच्या धक्क्यावरून १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ ही आगबोट चीनच्या दिशेने निघाली, तेव्हा तिच्यावर पाच भारतीय डॉक्टर होते. त्यांच्याबरोबर औषधांच्या व शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या पेट्या होत्या आणि जखमींना वाहून नेण्यासाठी एक रुग्णवाहिका होती. एक वर्ष सेवा करावी आणि परत यावे, असा संकल्प होता. त्या पाचांपैकी चौघे कालांतराने मायदेशी परतले. पाचवे डॉक्टर परतले नाहीत. चीनच्या उत्तरेकडील एका डोंगराळ खेड्यात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ते म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

डॉ. कोटणीसांचे नाव मराठी माणसाला परके नाही. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ते घरोघर पोहोचले. परंतु चित्रपटाच्या पडद्यावर जे मावले नाही ते पुष्कळ आहे. परत येण्याची संधी त्यांना एकदा नव्हे, अनेकदा आली होती. आणि दर वेळी परत येण्याचे कारण लहानसहान नव्हते. घरावर कोसळलेले संकट, करार संपल्याची वेळ, सहकाऱ्यांचे परतणे, स्वतःचे आजारपण, यांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे होते आणि त्यासाठी कोणी त्यांना दोष दिला नसता. तरीही ते राहिले. त्या राहण्याचे मोल त्यांनी स्वतः दिले, तसेच त्यांच्या माणसांनीही दिले. या दोन्ही गोष्टींचे स्मरण एकत्र केले, तरच या जीवनाचा खरा अर्थ हाती लागतो.

सोलापूरचे घर

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे बरीच होती. पाच बहिणी होत्या. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे आणि हातमागांचे गाव. गिरणीच्या भोंग्यावर दिवस सुरू व्हायचा आणि भोंग्यावरच मावळायचा. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच बाजारात ऐकू येत. अनेक भाषांच्या माणसांत सहजपणे वावरण्याची सवय अशा गावात वाढलेल्या मुलाला निराळी शिकवावी लागत नाही.

हे गाव राजकीयदृष्ट्याही जागे होते. १९३० च्या मे महिन्यात, सविनय कायदेभंगाच्या चळवळीत, सोलापुरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. द्वारकानाथ त्या वेळी विशीत होते. आपल्याच गावातील चार माणसे फासावर चढलेली पाहणाऱ्या पिढीचे ते तरुण होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या घटनांची पार्श्वभूमी स्पष्ट होते.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस आले व परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. १९२६ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाची व त्याच्या जोडीच्या के. ई. एम. रुग्णालयाची जन्मकथाही अर्थपूर्ण आहे. येथील अध्यापक व डॉक्टर भारतीयच असावेत, अशी अट देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातली होती. भारतीय माणूस शस्त्रक्रियेत व अध्यापनात कोणाहून उणा नाही, हे दाखवून देण्याची ईर्षा त्या इमारतीच्या पायातच होती. तेथून एम. बी. बी. एस. होऊन डॉ. कोटणीस पुढील उच्च शिक्षणाची तयारी करीत होते. मुलाने शिकून मोठे व्हावे, म्हणून वडिलांनी ओढाताण सोसली होती. आता मुलगा स्थिरस्थावर होईल आणि संसाराचा भार उचलेल, अशी त्या घराची अपेक्षा असणे अगदी स्वाभाविक होते.

चीनची हाक

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळ मार्को पोलो पुलापाशी चकमक उडाली आणि जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस नानकिंग पडले आणि तेथील नागरिकांवर झालेल्या अत्याचारांनी सारे जग हादरले. एवढ्या विशाल देशात आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉक्टर थोडे आणि जे होते ते बहुतेक मोठ्या शहरांतले. रणांगणावरील शिपाई गोळीने मरण्यापेक्षा उपचारांवाचून, जखम सडून मरत. अशा परिस्थितीत आठव्या रूट आर्मीचे सेनापती जनरल चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर व औषधे पाठविण्याची विनंती केली.

भारत त्या वेळी स्वतः पारतंत्र्यात होता. स्वतःच्या पायांत बेड्या असताना दुसऱ्याच्या मदतीला जाण्याचा हा प्रश्न होता. काँग्रेसचे त्या वर्षीचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी जनतेला आवाहन केले. चीन दिन पाळण्यात आला आणि सुमारे बावीस हजार रुपयांचा निधी जमला. स्वयंसेवक डॉक्टरांच्या पथकाची निवड झाली. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल होते. स्पेनमधील यादवी युद्धात त्यांनी शुश्रूषेचे काम केले होते. उपप्रमुख नागपूरचे ज्येष्ठ डॉक्टर चोळकर. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे आणखी दोघे. पाचवे डॉ. कोटणीस.

पुढील शिक्षणाचा मार्ग समोर असताना सत्तावीस वर्षांच्या या तरुणाने अर्ज केला. त्यांना युद्धाचा अनुभव नव्हता, चिनी भाषेचे एक अक्षर येत नव्हते. शल्यचिकित्सेचे शिक्षण आणि जाण्याची तयारी, एवढेच भांडवल होते.

चुंगकिंग येथील दुःखद वार्ता

पथक १७ सप्टेंबर १९३८ रोजी कॅन्टनला पोहोचले. मादाम सन यत्-सेन यांनी तेथे त्यांचे स्वागत केले. पुढे चांगशामार्गे हँको, तेथून यांगत्से नदीकाठचे इचांग आणि मग चुंगकिंग असा प्रवास झाला. हा प्रवास म्हणजे पाठीवर युद्ध घेऊन केलेली वाटचाल होती. ऑक्टोबरमध्ये कॅन्टन व हँको ही दोन्ही शहरे जपानच्या हाती पडली. डॉक्टर एका ठिकाणी रुग्णसेवेला लागत न लागत तोच ते ठिकाण सोडावे लागे.

चुंगकिंगच्या मुक्कामात शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी या पाहुण्यांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव झाले के दि-हुआ. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

याच शहरात सोलापूरहून वडिलांच्या मृत्यूची बातमी आली. कुटुंब आर्थिक अडचणीत होते. घरी आई होती, भावंडे होती. सहकाऱ्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला आणि तो सल्ला योग्यच होता. आपल्याकडे पित्याच्या निधनानंतर पुत्राचे घरी असणे म्हणजे केवळ विधींपुरता प्रश्न नसतो. ते घराला दिलेले आश्वासन असते. डॉ. कोटणीसांनी तो सल्ला मानला नाही. ज्यासाठी आलो ते काम अद्याप सुरूही झालेले नाही, दिलेली मुदत पुरी केल्याशिवाय परतणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

या निर्णयाची थोरवी सांगताना त्याचे दुसरे अंगही झाकून ठेवणे बरोबर नाही. सोलापूरच्या घराने त्या दिवसांत कर्ता पुरुष गमावला आणि शिकलेला मुलगा हजारो मैलांवर होता. घराचा भार मागे राहिलेल्यांनी उचलला. चीनमधल्या जखमींना जे हात मिळाले, ते एका मराठी घराने स्वतःच्या गरजेतून काढून दिलेले होते. म्हणून या सेवेच्या पुण्यात त्या घराचा वाटा मोठा आहे.

येनानच्या गुहांत

चुंगकिंगमध्ये राहून सरकारी रुग्णालयांत काम करणे शक्य होते; पण जेथे डॉक्टरांची सर्वाधिक टंचाई तेथे जावे, असा पथकाचा आग्रह होता. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या उघड्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांमध्ये हे सारे गाव वसलेले. कचेऱ्या, शाळा, दवाखाने, राहण्याच्या खोल्या, सारे काही गुहांतच. विमानांच्या बाँबवर्षावापासून तेवढाच आसरा. तेथे माओ त्से-तुंग यांनी त्यांचे स्वागत केले. आठव्या रूट आर्मीच्या रुग्णालयात डॉ. कोटणीस शस्त्रक्रियेचे काम करू लागले.

अन्न जाडेभरडे, बहुधा बाजरीचे. थंडी अशी की सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तिची कल्पनाही नसावी. परंतु खरी अडचण भाषेची होती. दुभाष्यामार्फत रोग्याची वेदना समजून घेता येत नाही, हे ध्यानात येताच डॉ. कोटणीसांनी चिनी भाषेचा अभ्यास नेटाने सुरू केला. हजारो चिन्हांची ही लिपी प्रौढ वयात शिकणे अवघड; तरी त्यांनी तीत इतकी गती मिळविली की पुढे ते चिनी भाषेत व्याख्याने देऊ लागले आणि लेखनही करू लागले.

१९३९ साली डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी मायदेशी परतले. वर्षाची मुदत संपत आली होती. अटल, बसू आणि कोटणीस या तिघांनी मात्र रुग्णालयातून प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याचे ठरविले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते येनानहून निघाले. शान्सी प्रांताच्या आग्नेय भागात सेनेच्या मुख्य ठाण्यावर ते पोहोचले. तेथे त्वचेच्या विकाराने बेजार झालेल्या डॉ. अटल यांनाही परत फिरावे लागले. उरले दोघे.

डॉ. बेथून यांचा वारसा

शान्सी, चाहार आणि होपेई या तीन प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात त्या वेळी जपानी फळीच्या मागे राहून लढणाऱ्या सेनेचा तळ होता. जनरल न्ये रोंगचन तेथील सेनापती होते. या मुलखात कॅनडाचे प्रख्यात शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून काम करीत असत. जखमीने डॉक्टरापर्यंत पोहोचण्याची वाट न पाहता डॉक्टरानेच जखमीपर्यंत पोहोचले पाहिजे, हे त्यांचे सूत्र. शस्त्रक्रियेचे सारे साहित्य खेचरांच्या पाठीवर लादून ते लढाईच्या जवळ जात आणि मिळेल त्या छपराखाली काम सुरू करीत. त्यांच्या अखेरच्या दिवसांतील एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात ते एका खेड्यातील लहानशा देवळात शस्त्रक्रिया करताना दिसतात. जेथे देवासमोर धूप जळत असे, तेथे त्या दिवशी जखमींचे प्राण वाचविले जात होते. पुढे शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला इजा झाली, त्यातून रक्तात विष पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले.

डॉ. कोटणीस व डॉ. बसू जपानी चौक्यांमधून वाट काढीत या मुलखात आले, ते १९४० च्या मध्यास. २१ जून १९४० रोजी डॉ. बेथून यांच्या समाधीचे अनावरण झाले आणि दोघे त्या समारंभास उपस्थित राहिले. ज्या माणसाला ते कधी भेटले नव्हते, त्याचे अपुरे काम पुढे चालविण्याची जबाबदारी डॉ. कोटणीसांच्या खांद्यावर यायची होती.

रणभूमीवरील तेरा दिवस

ऑगस्ट १९४० मध्ये जपान्यांच्या ताब्यातील लोहमार्ग, पूल आणि खाणी यांवर चिनी सेनेने एकाच वेळी व्यापक हल्ले चढविले. इतिहासात ही मोहीम ‘शंभर पलटणींची चढाई’ या नावाने नोंदलेली आहे. अशा मोहिमेत जखमींची रीघ लागते. दोघा भारतीय डॉक्टरांनी आघाडीच्या निरनिराळ्या भागांची जबाबदारी वाटून घेतली. एका लढाईत तेरा दिवसांच्या अवधीत डॉ. कोटणीसांच्या पथकाकडे आठशेहून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी ५५८ जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. एका प्रसंगी सलग तीन दिवस व तीन रात्री त्यांनी झोप घेतली नव्हती.

या आकड्यांमागचे काम कसे होते, हे समजून घेतले पाहिजे. ते पेनिसिलिनच्या पूर्वीचे दिवस. जखमेतील मेलेले मांस वेळीच काढून टाकणे, धातूचे तुकडे व कपड्यांच्या चिंध्या शोधून बाहेर काढणे आणि जखम स्वच्छ राखणे, एवढाच काय तो मार्ग. त्यातही वेळ चुकली की सडण लागे आणि मग हात किंवा पाय कापावा लागे. जखमी होण्याचा क्षण आणि शस्त्रक्रियेचा क्षण यांतील अंतर जेवढे कमी, तेवढे प्राण अधिक वाचतात. म्हणून डॉ. कोटणीस तोफांच्या आवाजापासून दूर जाण्यास तयार नसत. भुलीचे औषध, कापूस, पट्ट्या या सर्वांचीच चणचण. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या. या काटकसरीतून सफाईने काम करणे ही त्यांची खरी कसोटी होती.

जखमी शिपाई त्यांना मायेने ‘काळी आई’ म्हणत. त्यांच्या सावळ्या वर्णामुळे आणि आईच्या काळजीने केलेल्या शुश्रूषेमुळे हे नाव पडले. मराठी शेतकरी आपल्या जमिनीला ज्या नावाने हाक मारतो, तेच नाव परक्या भूमीतल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी एका मराठी डॉक्टरला दिले. त्या शिपायांना मराठीतील हा अर्थ माहीत असण्याचे कारण नव्हते. म्हणूनच हा योगायोग मनाला अधिक भिडतो.

रुग्णालय आणि विद्यालय

यानंतर डॉ. बसू येनानला परत गेले. १९४१ च्या जानेवारीत डॉ. कोटणीसांची बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक म्हणून नियुक्ती झाली. तांग परगण्यातील कोकुंग हे लहानसे खेडे त्यांचे कर्मस्थान झाले. रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हे. शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांतून विखुरलेले रुग्णकक्ष, शेजारीच वैद्यकीय विद्यालय आणि भोवती डोंगर.

जपानी सैन्याच्या मोहिमा त्या काळात अत्यंत क्रूर झाल्या होत्या. गावेच्या गावे जाळायची, धान्य लुटायचे आणि माणसे मारायची, असा तो क्रम. शत्रू जवळ आल्याची वर्दी आली की सारे रुग्णालय उठवून डोंगरात न्यावे लागे. चालू न शकणाऱ्या जखमींना गावकरी आपल्या घरांत नाहीतर गुहांत लपवून ठेवीत. संचालक हा येथे खुर्चीत बसून हुकूम देणारा अधिकारी नव्हता. डॉ. कोटणीस शस्त्रक्रिया करीत, शिकवीत, गावातील आजारी माणसांना तपासीत आणि वेळ पडली की शेतकामातही हात लावीत.

लढाई किती वर्षे चालेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. एका शल्यचिकित्सकाच्या दोन हातांनी किती जखमी वाचणार? त्यापेक्षा आपण दहा जणांना शिकविले, तर वीस हात कामाला लागतील, हा विचार त्यांनी आपल्या कामाचा पाया केला. विद्यार्थी बहुधा खेड्यांतून आलेले, शालेय शिक्षणही तोकडे. त्यांना समजेल अशी पुस्तके नव्हती. म्हणून डॉ. कोटणीसांनी शल्यचिकित्सेवर चिनी भाषेत पाठ्यपुस्तके लिहावयास घेतली. शल्यशास्त्राची सर्वसामान्य तत्त्वे सांगणारा पहिला भाग पूर्ण झाला. दुसऱ्या, अधिक विस्तृत ग्रंथाचे काम रात्री दिव्याच्या उजेडात चालू राहिले.

जुलै १९४२ मध्ये त्यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले. ज्यांच्याबरोबर राहून सुखदुःख भोगले, त्यांच्याशी पूर्णपणे एकरूप होण्याचा हा त्यांचा निर्णय होता. त्यांच्या राजकीय मताशी कोणी सहमत असो वा नसो, त्यांची शुश्रूषा घेणाऱ्या जखमींना त्यात काही फरक पडला नाही.

अल्पकाळाचा संसार

डॉ. बेथून यांच्या समाधीच्या समारंभात क्वो चिंग-लान या तरुण शिक्षिकेने डॉ. कोटणीसांना प्रथम पाहिले होते. त्या बेथून विद्यालयात परिचर्याशास्त्र शिकवीत. एकाच संस्थेत काम करताना परिचय वाढला आणि २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. जनरल न्ये रोंगचन यांनी त्याचे नाव यिन-हुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. बापाच्या नावात एकटा चीन जोडला गेला होता. मुलाच्या नावात दोन्ही देश आले.

सोलापूरच्या घरातील सून आणि नातू यांना त्या घराने पाहिलेले नव्हते. युद्धामुळे टपालाचा काही भरवसा नव्हता. सामान्य काळात ज्या गोष्टींनी घर भरून जाते, बारसे, पाहुण्यांची वर्दळ, सुनेची ओळख, त्यांपैकी काहीही सोलापूरच्या घरात घडले नाही.

अकाली अंत

एवढ्या श्रमांचा परिणाम प्रकृतीवर होणे अटळ होते. डॉ. कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. स्वतः डॉक्टर असल्यामुळे या रोगाचे गांभीर्य त्यांना इतरांपेक्षा अधिक कळत होते. सहकाऱ्यांनी व वरिष्ठांनी हा मुलूख सोडून उपचारांसाठी जाण्याचा आग्रह केला. तो त्यांनी मान्य केला नाही. आपण गेलो तर आपली जागा घेणारा शल्यचिकित्सक तेथे नाही, हे त्यांना दिसत होते.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री त्यांना तीव्र झटका आला आणि त्यामागून आणखी झटके येत राहिले. ९ डिसेंबरच्या सकाळी त्यांची प्राणज्योत मालवली. पुत्र त्या वेळी साडेतीन महिन्यांचा होता. शल्यशास्त्राचा दुसरा ग्रंथ अपुरा राहिला. थंडीच्या दिवसांत गावकऱ्यांनी आणि सैनिकांनी त्यांना जवळच्या नानच्युआन गावी मातीआड केले. माओ त्से-तुंग, चू तेह, चाऊ एन-लाय आदी नेत्यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. १९५३ साली त्यांचे अवशेष शीचियाचुआंग येथील हुतात्मा स्मारकात हलविण्यात आले. तेथे डॉ. बेथून यांच्या समाधीजवळच त्यांची समाधी आहे. जिवंतपणी न भेटलेले हे दोन डॉक्टर असे शेजारी झाले.

मागे राहिलेली माणसे

डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे ते १९५८ साली पुन्हा चीनला गेले, सुईने रोग बरे करण्याची तेथील प्राचीन विद्या शिकून आले आणि तिचा भारतात त्यांनी प्रसार केला. पथकाने सुरू केलेले देणेघेणे असे दुसऱ्या दिशेनेही चालू राहिले.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी न परतलेल्या या पाचव्या डॉक्टरवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि स्वतःच कोटणीसांची भूमिका केली. क्वो चिंग-लान यांची भूमिका जयश्री यांनी केली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील भारताला या कथेने आपल्याच एका मुलाची ओळख करून दिली.

क्वो चिंग-लान यांना अगदी तरुण वयात वैधव्य आले. पुढे त्यांनी पुन्हा विवाह केला. सोलापूरच्या कोटणीस कुटुंबाशी मात्र त्यांनी नाते तोडले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या आणि सासरच्या माणसांना भेटल्या. पुत्र यिन-हुआ वडिलांप्रमाणेच डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय शिक्षण घेत होता. परंतु शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच १९६७ साली त्याचे निधन झाले. ज्या नावात दोन देश एकत्र आले होते, ते नाव असे अकाली मिटले. त्या मातेने हे दुसरे दुःखही सोसले आणि २०१२ साली वृद्धापकाळी तिने जगाचा निरोप घेतला.

१९६२ साली भारत आणि चीन यांच्यात युद्ध झाले. दोन्ही देशांतील मैत्रीच्या घोषणा विरून गेल्या. या कठीण काळानंतरही चीनमध्ये के दि-हुआ यांचे नाव पुसले गेले नाही. १९७६ साली शीचियाचुआंग येथे त्यांच्या स्मरणार्थ स्मारक दालन उघडण्यात आले. त्यांच्या मृत्यूला चाळीस वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, चीनने त्यांचे टपाल तिकीट काढले. भारताने १९९३ साली काढले. भारतभेटीस येणारे चिनी नेते त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. २००६ साली राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी मुंबईत त्यांची भेट घेतली होती. सोलापुरातील त्यांच्या जन्मघराचे २०१२ साली स्मारकात रूपांतर झाले. राज्यकर्त्यांचे संबंध बिघडतात आणि सुधारतात. ज्याच्या जखमेवर कोणी रात्र जागून पट्टी बांधली, त्याच्या घरातले स्मरण अशा चढउतारांवर अवलंबून नसते.

उपसंहार

डॉ. कोटणीस चीनमध्ये एकंदर सव्वाचार वर्षे होते. एवढ्या अवधीत त्यांनी एक परकी भाषा आत्मसात केली, शेकडो माणसांचे प्राण वाचविले, एक रुग्णालय सांभाळले, विद्यार्थी घडविले आणि एक ग्रंथ पूर्ण केला. त्यांच्याजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती, आणि ज्या देशाच्या वतीने ते गेले तो देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता. वर्षभरासाठी दिलेला शब्द त्यांनी चौपट मुदतीने पाळला.

आपल्या समाजातील कुटुंबे उद्योगधंद्यासाठी आणि शिक्षणासाठी दूरदूर पांगलेली आहेत. गाव सोडून जाणाऱ्याला घर कसे आठवते आणि मागे राहिलेल्यांना वाट पाहणे कसे असते, हे त्यांना निराळे सांगावयास नको. म्हणून द्वारकानाथांचे स्मरण करताना चीनच्या डोंगरातील समाधीला जसे वंदन करावे, तसेच सोलापूरच्या त्या घरालाही करावे. तेथे बाप गेला, मुलगा परतला नाही, सुनेला माप ओलांडता आले नाही आणि नातवाचे बारसे पाहता आले नाही. सेवेसाठी एक माणूस दिला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर एक सबंध घर काहीतरी देत असते. कोटणीसांच्या घराने ते दिले, आणि जाणाऱ्याने त्याचे चीज केले.